चाळीस हजारांचा देश आणि सीरियाची फाइल

लिश्टनस्टाइनमधल्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला तो जुलै १९८४ मध्ये. तोही सार्वमताने, आणि त्या सार्वमतात मत देणारे अर्थातच सगळे पुरुष. बाजूने २,३७०, विरोधात २,२५१. आणखी साठ जणांचे मन फिरले असते तर ठराव पडला असता. त्या दिवशी आपल्याकडे इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या.

मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कामाबद्दल लिहिताना सुरुवात मुद्दाम इथून केली आहे. कारण हाच देश बत्तीस वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक ठराव घेऊन उभा राहिला आणि सीरियातल्या युद्धगुन्ह्यांचे पुरावे जमवणारी यंत्रणा त्याने मंजूर करून घेतली. महासत्तांनी अडवून धरलेली वाट त्याने बाजूने काढली. ‘छोटा पण थोर मनाचा देश’ अशी गोष्ट सांगितली की ती गोड लागते, पण त्यातून काही हाती लागत नाही. या प्रकरणात मनाच्या थोरपणापेक्षा नियमांचे पुस्तक किती बारकाईने वाचले, याला जास्त महत्त्व आहे.

हा देश आहे तरी केवढा

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या बेचक्यात, ऱ्हाइन नदीच्या काठी १६० चौरस किलोमीटरचा पट्टा. वस्ती साधारण चाळीस हजार. राजधानी फाडुत्स, तिथे डोंगरकड्यावर राजवाडा. आपल्या भाषेत याला ‘देश’ म्हणण्यापेक्षा ‘संस्थान’ म्हटले तर चित्र लवकर डोळ्यांसमोर येते. आकाराने तो औंध संस्थानापेक्षाही लहान आहे. सैन्य १८६८ सालीच मोडीत काढले, कारण खर्च परवडेना. चलन स्विस फ्रँक. जगभरात स्वतःचे दूतावास बोटांवर मोजण्याइतके. बाकी ठिकाणी स्वित्झर्लंड त्यांचे काम पाहते.

१९२० साली या देशाने राष्ट्रसंघाचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचे, सदस्यत्व मागितले होते. अर्ज फेटाळला गेला. कारण असे की देश फारच छोटा, सैन्य नाही, आणि सार्वभौमत्वाची बरीच कामे दुसऱ्याकडे सोपवलेली. पुढे १९३८ मध्ये शेजारचा ऑस्ट्रिया काही दिवसांत जर्मनीत विरून गेला, ते यांच्या सीमेवरून दिसत होते. १९४५ नंतर चेकोस्लोव्हाकियाने राजघराण्याच्या तिथल्या प्रचंड जमिनी जप्त केल्या. ते भांडण इतके चिघळले की चेक प्रजासत्ताक आणि लिश्टनस्टाइन यांच्यात राजनैतिक संबंध जुळायला २००९ साल उजाडले.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हा देश दोनदा फिर्यादी म्हणून गेला, १९५०च्या दशकात ग्वाटेमालाविरुद्ध आणि २००० नंतर जर्मनीविरुद्ध. दोन्ही वेळा हात हलवत परत आला. गंमत म्हणजे दोन्ही खटले मूळ तक्रारीच्या गुणदोषांपर्यंत पोचलेच नाहीत. पहिल्यात न्यायालय म्हणाले, ही तक्रार तुम्हाला मांडता येणार नाही. दुसऱ्यात म्हणाले, हे आमच्या अधिकारक्षेत्रात बसत नाही. ज्याच्याकडे रणगाडे नाहीत त्याचा सगळा भरवसा कायद्यावर, आणि कायद्याच्या दारात पहिला प्रश्न ‘खरे काय’ हा नसून ‘विचारण्याचा अधिकार कोणाला’ हा असतो. हा धडा या देशाइतका स्वतःच्या पैशाने फार थोड्यांनी घेतला असेल.

संयुक्त राष्ट्रांत तो आला १९९० साली. तिथे गेल्यावर सगळ्या विषयांवर थोडे थोडे बोलत बसण्यापेक्षा त्याने मोजके विषय धरले आणि सोडले नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे युद्धगुन्ह्यांसारख्या गुन्ह्यांसाठी देशांवर नव्हे तर माणसांवर खटले चालवणारे न्यायालय, हा त्यातला मुख्य. माणसेही टिकवली. क्रिस्तिआन वेनावेझर २००२ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांचे राजदूत. मधल्या काळात, २००८ ते २०११, ते फौजदारी न्यायालयाच्या सदस्य देशांच्या सभेचे अध्यक्षही होते. मोठ्या देशांचे राजदूत तीन-चार वर्षांनी बदलतात, नवा माणूस येतो, फायली पुन्हा पहिल्यापासून वाचतो. छोट्या देशाचा एकच माणूस दोन दशके त्याच खुर्चीवर बसला की प्रक्रियेतला कोणता खिळा सैल आहे हे त्याला पाठ होते. आपल्याकडे मंत्रालयात एखादा जुना हेडक्लार्क असतो ना, सचिव येतात-जातात पण फाइल कुठून पुढे सरकते हे त्यालाच ठाऊक असते. तसेच काहीसे.

दार कुठे बंद झाले होते

सीरियात मार्च २०११ मध्ये निदर्शने सुरू झाली, सरकारने ती चिरडली, त्यातून यादवी पेटली. सीरिया आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. अशा देशातले गुन्हे त्या न्यायालयाकडे न्यायचे, तर ते देशाने स्वतः मान्य करायला हवे, नाहीतर सुरक्षा परिषदेने पाठवायला हवे. २२ मे २०१४ रोजी फ्रान्सने तसा ठराव मांडला. साठाहून अधिक देशांनी सहप्रस्तावक म्हणून सह्या केल्या होत्या. पंधरापैकी तेरा मते बाजूने पडली, आणि रशिया व चीनने नकाराधिकार वापरला. विषय संपला.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘सीझर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाची छायाचित्रे जगासमोर आली होती. हा सीरियाच्या लष्करी पोलिसांचा छायाचित्रकार. कोठडीत मेलेल्या कैद्यांचे फोटो काढणे ही त्याची नोकरी. त्याने पन्नास हजारांहून अधिक फोटो लपवून बाहेर काढले. ते फोटो भयानक आहेतच, पण वकिलाची नजर जिथे अडकते ती जागा वेगळी आहे. बऱ्याच प्रेतांजवळ एक पांढरी चिठ्ठी ठेवलेली, किंवा थेट कातडीवर लिहिलेले, आणि त्यावर आकडे: एक कैद्याचा, एक तो ज्या गुप्तचर शाखेच्या कोठडीत होता तिचा, आणि एक तपासणीचा. मारणाऱ्यांनीच नोंदवही ठेवली होती. पुरावा होता. कोणत्या शाखेत माणूस मेला हे त्याच्या अंगावर लिहिलेले होते. तो पुरावा ऐकून घ्यायला न्यायालय तेवढे नव्हते.

पुढची दोन वर्षे सुरक्षा परिषद तशीच अडून राहिली. ५ डिसेंबर २०१६ रोजी अलेप्पोतल्या युद्धविरामाच्या ठरावावर रशियाने पुन्हा नकाराधिकार वापरला. सीरियाच्या बाबतीत ही त्याची सहावी वेळ.

‘साहाय्य’ या एका शब्दाची किमया

आता प्रकरणाचा गाभा. लिश्टनस्टाइनने कतारला बरोबर घेऊन ठराव तयार केला, तो सुरक्षा परिषदेसाठी नव्हे तर आमसभेसाठी. आमसभेत १९३ देश, प्रत्येकाला एक मत, नकाराधिकार कोणालाच नाही. अडचण एवढीच की आमसभेच्या हातात दंडा नसतो. ती न्यायालय उभारून कोणाला पकडून आणू शकत नाही. तेव्हा प्रश्न असा होता: दंडा नसलेल्या सभेला फौजदारी न्यायाच्या कामात काय करता येईल?

उत्तर ठरावाच्या लांबलचक नावातच आहे. ही यंत्रणा ‘तपास आणि खटले चालवण्यास साहाय्य करण्यासाठी’ आहे. ती स्वतः आरोपपत्र दाखल करत नाही, वॉरंट काढत नाही, कोणाच्या दारात जाऊन झडती घेत नाही. पुरावे गोळा करायचे, जपून ठेवायचे, त्यांची छाननी करायची, खटल्याला उपयोगी पडतील अशा फायली बांधायच्या, आणि उद्या ज्या न्यायालयाला अधिकार असेल त्याच्या हाती द्यायच्या. ते न्यायालय कोणते, आज आहे की दहा वर्षांनी उभे राहील, हे उघडे ठेवले.

विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता, तो नीट समजून घ्यायला हवा. सीरिया आणि रशिया यांचे म्हणणे असे: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १२व्या कलमाप्रमाणे जो वाद सुरक्षा परिषदेपुढे चालू आहे त्यावर आमसभेने शिफारशी करायच्या नाहीत. शिवाय कोणत्याही देशाच्या अंतर्गत कारभारात हात घालायला सनदेची मनाई आहे. आणि सगळ्यात तगडा मुद्दा रशियाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सरचिटणीसांना पाठवलेल्या पत्रात मांडला. फौजदारी तपासाचे अधिकार आमसभेकडे स्वतःकडेच नाहीत, मग ते ती दुसऱ्या संस्थेला कुठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा हा युक्तिवाद.

समर्थकांचे उत्तर असे की शांतता आणि सुरक्षिततेची ‘प्रमुख’ जबाबदारी सुरक्षा परिषदेची आहे, ‘एकमेव’ नव्हे. सनदेच्या कक्षेतल्या कोणत्याही विषयावर चर्चा करण्याचा अधिकार १०व्या कलमाने आमसभेला दिला आहे आणि कामासाठी साहाय्यक संस्था नेमण्याचा अधिकार २२व्या कलमाने. माहिती गोळा करून तिची मांडणी करणे हे आमसभेच्या समित्या कित्येक दशके करत आल्या आहेत. इथे कोणावरही सक्ती नाही. ज्याला पुरावा द्यायचा तो देईल, ज्या न्यायालयाला हवा ते मागेल. मला स्वतःला हे उत्तर पटते, पण ते पटते फक्त ‘साहाय्य’ या शब्दामुळे. तो शब्द काढून तिथे ‘खटला चालवणे’ ठेवले असते तर रशियाचा युक्तिवाद बिनतोड ठरला असता. ज्याने मसुदा लिहिला त्याला ही रेघ नेमकी कुठे आहे ते माहीत होते, आणि त्याने पाय रेघेच्या अलीकडेच ठेवला.

२१ डिसेंबर २०१६ रोजी मतदान झाले. बाजूने १०५, विरोधात १५, तटस्थ ५२. दुसऱ्या दिवशी सीरियाच्या सैन्याने संपूर्ण अलेप्पो ताब्यात आल्याचे जाहीर केले. एकीकडे न्यूयॉर्कमध्ये कागदी यंत्रणा मंजूर, दुसरीकडे शहर पडलेले. तेव्हा या ठरावाला हसणारे कमी नव्हते, आणि त्यांना अगदीच चूक म्हणता येणार नाही. त्या ठरावाने अलेप्पोतला एकही माणूस वाचला नाही.

कागद जमवण्याचे काम

यंत्रणेचे कार्यालय जिनिव्हात थाटले गेले. पहिल्या प्रमुख फ्रान्सच्या न्यायाधीश कॅथरिन मार्शी-उएल, २०१७ मध्ये नेमलेल्या. पैसा सुरुवातीला स्वेच्छा देणग्यांचा. हा कच्चा दुवा होता, कारण देणगी देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो, किंवा दात्यांच्या मर्जीचेच पुरावे जमतात असा आरोप होऊ शकतो. २०२० पासून खर्च संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकात आला. हे तपशील रुक्ष वाटतात, पण माझ्या मते मतदानाइतकीच मोठी पायरी ही होती. समिती नेमणे सोपे असते. तिच्या नावाने दरवर्षी तरतूद लागली की मग ती उठवणे अवघड होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही पंचायत समितीतला माणूस सांगेल.

काम कसे चालते? सीरियात पाय ठेवायची परवानगी नव्हती. त्यामुळे पुरावे बाहेरून आले: पळून आलेल्या लोकांच्या जबान्या, कार्यकर्त्यांनी वाचवून आणलेले सरकारी कागद, मोबाइलवरचे व्हिडिओ, संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या चौकशी आयोगाची सामग्री. २०१८ मध्ये सीरियन संस्थांशी सहकार्याचा लेखी मसुदाही ठरला. कारण सगळ्यात आधी, जिवावर उदार होऊन कागद जमवले ते त्यांनीच, आणि जिनिव्हातले साहेब येऊन फायली घेऊन जातील व पुढे काहीच कळणार नाही ही त्यांची भीती रास्त होती.

प्रत्येक वस्तू कोणाकडून आली, कधी आली, मधे कोणाच्या हातातून गेली, याची साखळी नोंदवायची. व्हिडिओ कोणत्या गल्लीतला आहे हे भिंती आणि मिनार जुळवून ठरवायचे. एकाच शाखेच्या कोठडीबद्दल वीस जणांच्या जबान्या असतील तर त्या एकमेकांशी ताडून पाहायच्या. आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा सापडला तर तोही फायलीत ठेवायचा. यंत्रणेच्या नियमांत हे स्पष्ट आहे. सगळ्या बाजूंचे गुन्हे तिच्या कक्षेत येतात, सरकारचे जसे तसे इस्लामिक स्टेटचे आणि इतर सशस्त्र गटांचेही.

मग न्यायालये मिळाली कुठे? मुख्यतः युरोपात. जर्मनीसारख्या देशांच्या कायद्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे कुठेही घडले तरी खटला चालवण्याची तरतूद आहे. निर्वासितांबरोबर काही छळ करणारेही युरोपात येऊन राहिले होते. त्यातला एक अन्वर रसलान. दमास्कसमधल्या अल-खतीब कोठडीत, म्हणजे २५१ क्रमांकाच्या शाखेत, तो तपासप्रमुख होता. जर्मनीतल्या कोब्लेंत्स शहरातल्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी त्याला जन्मठेप दिली. त्या खटल्यात सीझरची छायाचित्रे कोलोनच्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने न्यायालयात समजावून सांगितली. पांढऱ्या चिठ्ठीवरचे शाखेचे आकडे अखेर एका न्यायाधीशाने वाचले. श्रेय कोणाचे, हे जपून बोलले पाहिजे. खटला उभा केला तो जर्मन सरकारी वकिलांनी, सीरियन वकिलांनी आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या पीडितांनी. जिनिव्हातल्या यंत्रणेचा वाटा मदतनिसाचा. पण तिच्याकडे वेगवेगळ्या देशांच्या तपास अधिकाऱ्यांच्या शेकडो विनंत्या आल्या आहेत, आणि हे मदतनिसाचे दुकान नसते तर प्रत्येक देशाला तोच साक्षीदार शोधून त्याच जखमा पुन्हा उकरायला लावाव्या लागल्या असत्या.

या साच्याची नक्कल लगेच झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये मानवाधिकार परिषदेने म्यानमारसाठी जवळपास अशीच यंत्रणा नेमली.

घरचा नकाराधिकार

लिश्टनस्टाइनने पुढची चाल थेट नकाराधिकारावरच केली. दोन वर्षांहून अधिक काळ देशांशी बोलणी करून २६ एप्रिल २०२२ रोजी आमसभेत ठराव मंजूर करून घेतला, तोही मतदानाशिवाय, एकमताने. सुरक्षा परिषदेत कोणीही नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा भरेल आणि त्यावर चर्चा होईल. नकाराधिकार काढून घेतला नाही. तो वापरणाऱ्याला सगळ्यांसमोर उभे राहून कारण सांगायला बोलावले, इतकेच. मे २०२२ मध्ये उत्तर कोरियाच्या ठरावावर रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला तेव्हा पहिली चर्चा झाली. गाझाच्या प्रश्नावर अमेरिकेने वापरला तेव्हा तिच्याही बाबतीत झाली.

आणि घरी? फाडुत्सच्या राजाला संसदेने केलेला कायदा, इतकेच काय लोकांनी सार्वमताने केलेला कायदाही अडवता येतो. २००३ साली राजे हान्स-आदाम दुसरे यांनी आपले अधिकार वाढवणारी घटनादुरुस्ती मांडली आणि सांगितले, नाकारलीत तर आम्ही व्हिएन्नाला राहायला जातो. जवळजवळ ६४ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. (औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपली सत्ता आपणहून रयतेकडे सोपवली होती, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) २०११ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करण्यावर सार्वमत आले, तेव्हा राजाच्या वतीने कारभार पाहणारे युवराज आलोइस यांनी आधीच जाहीर केले की मंजूर झाला तरी मी सही करणार नाही. ठराव पडलाच. त्यावर चिडून काहींनी २०१२ मध्ये सार्वमतावरचा हा नकाराधिकार काढून टाकण्याचा प्रस्ताव आणला. ७६ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही या देशाला ठपका बसला आहे. हर्बर्ट विले हे तिथल्या प्रशासकीय न्यायालयाचे तेव्हाचे अध्यक्ष. राजा आणि संसद यांच्यात घटनेच्या अर्थावरून मतभेद झाला तर निवाडा घटनात्मक न्यायालयाने करावा, असे मत त्यांनी १९९५ मध्ये एका व्याख्यानात मांडले. राजाने पत्र लिहून कळवले की तुम्हाला पुन्हा नेमणार नाही. १९९९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने निकाल दिला: अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग.

हे वाचून ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही, आणि माफही करावेसे वाटत नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच की विले यांना स्ट्रासबुर्गला जाता आले, कारण देशाने स्वतःला त्या न्यायालयाच्या हुकमतीखाली आणून ठेवले होते. महासत्तांचा फरक तिथे आहे: त्या दुसऱ्यांसाठी न्यायालये सुचवतात आणि स्वतः बाहेर राहतात.

मग या देशाला हे कसे परवडले? सौदा तसा स्वस्त होता. आयात-निर्यात आणि पैसा स्वित्झर्लंडच्या छायेत, सैन्य नाही, कोणाकडून शस्त्रे घ्यायची नाहीत, रशियावर विसंबून काही नाही. त्याच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवायला मोठ्यांना जागाच सापडत नाही. हेच काम बांगलादेशाएवढ्या, कर्ज आणि निर्यातीच्या धाग्यांनी बांधलेल्या देशाने करायचे म्हटले तर एवढे सोपे गेले नसते. त्या ५२ तटस्थ मतांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

दमास्कस, डिसेंबर २०२४

८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद मॉस्कोला पळाले. सैदनाया तुरुंगाचे आणि गुप्तचर शाखांचे दरवाजे उघडले. हजारो लोक आपला भाऊ, बाप, मुलगा शोधत आत घुसले. नोंदवह्या, फायली, ओळखपत्रे जमिनीवर पसरली. त्यावरून पाय पडत होते, काही कागद लोक घरी घेऊन गेले, काही जळाले. आठ वर्षे ज्या इमारतींचे नकाशे जबान्यांवरून कागदावर उतरवले, त्या इमारतींत यंत्रणेची माणसे आता प्रत्यक्ष जाऊ शकत होती. नवे प्रमुख रॉबर्ट पेटिट त्याच महिन्यात दमास्कसला गेले. मागणी पहिली एकच होती, आहेत ते कागद आहेत तिथे सुरक्षित ठेवा.

एक गाठ मात्र आहे, आणि ती यंत्रणेच्याच २०१७च्या नियमांनी घातलेली आहे. खटला न्याय्य पद्धतीने चालवणाऱ्या आणि फाशी न देणाऱ्या न्यायालयांनाच यंत्रणेने पुरावे द्यायचे. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती युरोपातली न्यायालये. दमास्कसमध्येच खटले चालतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आता सीरियातल्या आया म्हणतात, आमच्या मुलांच्या मारेकऱ्यांचे खटले आमच्या शहरात, आमच्या भाषेत चालवा. सीरियाच्या कायद्यात फाशीची शिक्षा आहे. फायली जिनिव्हात आहेत.